देव पाण्यात होते त्या दिवसांत

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. लहानपणी आरती चालू असताना मी आजीला विचारलं होतं, देवाला सगळं दिसतं तर त्याच्यापुढे निरांजन कशाला ओवाळायचं? आजीने उत्तराऐवजी हातावर खडीसाखर ठेवली होती. सासरी आल्यावर सासूबाईंनाही माझा हा गुण लवकरच कळला. त्या म्हणायच्या, "तुझी निम्मी पूजा आणि निम्मी उलटतपासणी." त्यात खोटं काही नव्हतं. मी पूजा रोज करते, मनापासून करते, पण फूल वाहतानाही डोक्यात एखादा 'का' असतोच. असल्या माणसाला कसले अनुभव येणार, असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी जे घडलं ते मात्र सांगावंसं वाटतं. त्याला काय म्हणायचं हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि खरं तर ठरवायची घाईही नाही.

आम्ही तेव्हा वाशीत भाड्याने राहत होतो. त्याआधी घणसोलीत, त्याआधी कोपरखैरण्यात, आणि त्याच्याही आधी वाशीतच दुसऱ्या सेक्टरमध्ये. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपत आलं की मालक काय म्हणतोय याची धास्ती. आमचे हे मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम बघतात, मी बेलापूरला एका ऑफिसात आहे. दोघांच्या पगारात घर चालायचं, पण घर काही होत नव्हतं. घर बदलायची वेळ आली की सामान टेम्पोत जायचं आणि सासूबाई रिक्षात. त्यांच्या मांडीवर एक स्टीलचा गोल डबा असायचा. त्यात तळाला मूठभर तांदूळ, त्यावर लाल कापडात गुंडाळलेले देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती, तिन्ही पितळेचे, त्यांच्या सासूबाईंकडून आलेले. नव्या जागेत देवांना कधी स्वयंपाकघरातली फळी मिळायची, कधी कपाटाचा वरचा कप्पा. एका घरी तर ते फ्रिजच्या डोक्यावर होते, आणि फ्रिज सुरू झाला की अन्नपूर्णा हलायची. सासूबाई कधी तक्रार करायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "डोळे मिटायच्या आत यांना एकदा अशा जागी बसवायचंय, जिथून 'उठा' म्हणणारं कुणी नसेल."

तशी जागा सापडली ती सारसोळ्याच्या अंगाला, एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. विकणारा नरेश हा सारसोळे गावातलाच, कोळी समाजातला. त्याने तो फ्लॅट आपल्या आईसाठी घेतला होता, पण तिला तिथे झोपच लागेना म्हणून ती परत गावातल्या घरी गेली. आता फ्लॅट विकून तो गावातलं घर दुरुस्त करणार होता. सासूबाईंनी फ्लॅट बघितला तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. ओट्याला लागून पश्चिमेची खिडकी होती आणि तिच्यातून खाडीची एक पट्टी दिसत होती. "इथे देवघर," एवढं बोलून त्या खाली उतरल्या. बाकीच्या खोल्या त्यांनी बघितल्याच नाहीत.

बँकेचं कर्ज म्हणजे अर्ज केला की हो किंवा नाही, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. आधी एक 'हो' येतो, तो आपल्या पगाराकडे बघून. मग बँकेचा वकील कागद बघतो, बँकेचा माणूस प्रत्यक्ष घर बघून जातो, आणि त्या दोघांचं समाधान झालं की शेवटचा 'हो'. पहिल्या होकारावर आम्ही पेढे वाटून मोकळे झालो होतो. ठरलेल्या तारखेपर्यंत शेवटची मंजुरी आली नाही, तर सौदा मोडणार आणि दिलेला बयाणाही जाणार, असं करारात होतं. इकडे आमच्या घरमालकाला त्याच्या मुलासाठी जागा हवी होती. घर पाहावं बांधून म्हणतात, पण म्हणणाऱ्यांनी बँकेच्या फोनची वाट पाहिलेली दिसत नाही. मी फोन करायची, बँकेतला मुलगा अदबीने सांगायचा, "प्रोसेसमध्ये आहे मॅडम." त्याच्या आवाजातून काही कळतंय का, हे मी कान देऊन ऐकायची. काहीही कळायचं नाही.

आणि मग सासूबाईंनी देव पाण्यात ठेवायचं ठरवलं.

आपल्याकडे हे सगळे बोलतात. परीक्षेचा निकाल असो, मुलीचं लग्न जमत नसो, 'देव पाण्यात घालून बसलोय' म्हणतात. खरोखर ठेवताना मात्र मी कुणाला बघितलं नव्हतं. मी विचारलं, देवाला पाण्यात ठेवून काय होतं? सासूबाई म्हणाल्या, "आपला जीव टांगणीला लागलाय, हे त्यांनाही जरा कळू दे." म्हणजे देवाला वेठीस धरायचं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "वेठीस नाही गं. सोबतीला." हे उत्तर मला पटलं नाही, पण आवडलं.

त्यांचा आग्रह असा की ज्या घराचं काम, त्याच घरात देव ठेवायचे. कपाटांची मापं घ्यायची म्हणून नरेशने आम्हाला एक किल्ली दिलेलीच होती. एक चांगला दिवस बघून आम्ही गेलो. ओट्यावर खिडकीशी तांब्याचं घंगाळं ठेवलं, त्यात पाणी, आणि पाण्यात तिघे देव. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, चौकटीवर कुंकवाचं स्वस्तिक, उंबऱ्याशी रांगोळी. सासूबाईंना बसून जप करायचा होता म्हणून चटई. तेलाची बाटली, समई, काडेपेटी, केरसुणी, पाणी प्यायला दोन पेले. निघताना त्यांनी घंगाळ्यापुढे हात जोडले आणि देवांना बजावलं, काम झाल्याशिवाय बाहेर काढणार नाही. नरेशला हे सांगायला हवं, असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. देवाच्या कामात विचारायचं कुणाला?

काही दिवसांनी बँकेतल्या त्या मुलाचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता. फाइल थांबली होती. नरेशने सोसायटीच्या ऑफिसात ठेवलेली किल्ली घेऊन बँकेचा माणूस घर बघून आला होता आणि त्याने लिहिलं होतं की घर रिकामं नाही, तिथे कुणाचा तरी संसार चालू आहे. विकणारा म्हणतो रिकामं, रिपोर्ट म्हणतो वस्ती आहे. घरात भाडेकरू असला, तर बँक पैसे कसे देणार? माझ्या डोळ्यांपुढे चटई, केरसुणी आणि दोन पेले आले. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की तिथे कुणी राहत नाही, आमचे देव आहेत.  तो म्हणाला, "मॅडम, ते मी समजू शकतो. पण साहेबांना देव राहतात असं कसं लिहून देऊ?" पुन्हा पाहणी होईल, माणूस कधीही येऊन जाईल, तोपर्यंत घर मोकळं ठेवा, असं त्याने सांगितलं.

इथे खरी माशी शिंकली. मंजुरी यायची तर देव बाहेर काढायला हवेत, आणि देव बाहेर यायचे तर आधी मंजुरी यायला हवी. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. यांनी मला एकीकडे घेऊन सुचवलं की गुपचूप काढून आण, आईला कशाला सांगायचं? मला ते जमणार नव्हतं. जी बाई फ्रिजच्या डोक्यावरच्या देवांनाही रोज नव्याने नमस्कार करत आली, तिचा शब्द मी तिच्या पाठीमागे कसा मोडू? सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शब्द दिलाय मी." चटई आणि केरसुणी मात्र त्यांनी आणायला सांगितली. तारीख जवळ येत होती, आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

चटई आणायला म्हणून मी ऑफिसातून परतताना नेरूळला उतरून तिथे गेले. इतके दिवस झाले, पाणी शेवाळलं असेल, अशी माझी अटकळ होती. बघते तर घंगाळं काठोकाठ भरलेलं आणि पाणी नितळ. शेजारी ओट्यावर अनंताचं एक ताजं फूल. आणि बाळकृष्ण, ज्याचं तोंड आम्ही आमच्याकडे करून ठेवलं होतं, तो रांगत खिडकीकडे बघत होता.

खरं सांगते, त्या क्षणी मी बँक विसरले. यांना विचारलं, तर म्हणाले, मला मार्केटमधून मान वर करायला वेळ नाही. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला कुणी अनोळखी माणूस वर गेलेला नाही. पुन्हा एकदा गेले, पुन्हा नितळ पाणी आणि नवं फूल. आमच्या घरात कोण येतंय, आणि आमच्या देवांची पूजा का करतंय? सासूबाईंना मी फक्त पाणी स्वच्छ आहे एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असणारच." मला मात्र चैन पडेना. मंजुरीच्या काळजीने जी झोप उडाली होती, ती या कोड्यामुळे परत आली, हे एक नवलच. माणूस एका वेळी एकाच गोष्टीची वाट बघू शकतो बहुतेक.

शेवटी एके दिवशी सकाळची सुट्टी टाकून मी त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकून बसले. ऊन जरा वर आलं तेव्हा बाहेर कुलूप खुडबुडलं. दार उघडून एक म्हातारी कोळीण आत आली. न्हालेली, चापूनचोपून नेसलेली, हातात पितळी लोटा आणि लोट्यावर पानात ठेवलेलं फूल. मला बघून ती दचकली नाही. "तू घेनारी काय?" तिने विचारलं. ती नरेशची आई, हिराबाय. ज्या फ्लॅटमध्ये तिला झोप लागत नव्हती त्याची एक किल्ली तिच्याकडे राहिली होती. एकदा राहिलेली भांडी न्यायला आली, तर ओट्यावर देव पाण्यात. तिला वाटलं, कुणीतरी विसरून गेलं. तेव्हापासून ती रोज येत होती. वॉचमनच्या लेखी ती अनोळखी कशी असेल? ती तर मालकीण.

ती ओट्याशी गेली, घंगाळ्यात डोकावली आणि जे मी सासूबाईंना अर्धवट विचारलं होतं, ते तिने सरळ विचारलं. "बाय, काय चुकलं यांचं, पान्यान ठेवलंत ते?"

मी तिला सगळं सांगितलं. कर्ज, बँक, तारीख, सासूबाईंचा शब्द. ती शांतपणे ऐकत होती. मग खिडकीतून खाडीच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "आमची मानसं रोज पान्यान जातान. मंग देव काठावर पायजे ना. दोगं बी पान्यान गेले, तं वाट कोन बगनार?"

एवढंच बोलून ती लोट्याने घंगाळ्यातलं पाणी काढून मोरीत ओतायला लागली. 

घरी येऊन मी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. मला भीती होती ती वेगळीच. त्यांचं सोवळं मला माहीत होतं. आम्हालासुद्धा पारोशाने देवाजवळ फिरकू द्यायच्या नाहीत, मग मासळीच्या घरातली परकी बाई रोज देवांपाशी जाते हे त्यांना कसं चालणार? झालंही तसंच. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, तिने देवांना हात लावला का. मला माहीत नाही म्हटलं. मग 'काठावर' हा शब्द त्यांनी दोनदा पुटपुटल्यासारखा केला आणि भाजी निवडायला घेतली.  दुसऱ्या दिवशी पहाटेच अंघोळ करून तयार झाल्या आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलाव." त्यांच्या मांडीवर रिकामा डबा होता. बहुधा आता देवांना शुद्ध करून परत आणायचे असतील, असं वाटून मी घाबरले. हिराबाय तिथे भेटली आणि सासूबाई तिला काही लागेल असं बोलल्या तर? मी रिक्षात मनातल्या मनात देवाला म्हणत होते, घर गेलं तरी चालेल, पण हे नको.

हिराबाय तिथेच होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत ओट्याशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी विचारण्याआधीच ती म्हणाली, "मी हात नाय लावला. लोट्यान काढते नि लोट्यान घालते. देव तुमचे."  सासूबाईंनी विचारलं ते भलतंच. "तुमचं कोण असतं पाण्यात?"

"थोरला. रोज जातो. आजबी गेलाय."

सासूबाईंनी मान हलवली. मग बांगड्या मागे सारून घंगाळ्यात हात घातला आणि बाळकृष्णाला वर काढलं. "काम झालं नाही अजून," त्या त्याला म्हणाल्या. "पण तू बाहेर ये." पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. त्या हिराबायकडे वळल्या. "धरा जरा. मी दुसऱ्यांना काढते." हिराबायने दोन्ही हात पदराला पुसले, ओंजळ पुढे केली आणि ज्या देवाला तिने इतके दिवस बोटही लावलं नव्हतं, तो तिच्या ओंजळीत आला. मला रडू आवरेना. घरासाठी नाही, ते तर अजून कुठेच नव्हतं. माझ्या सासूबाईंनी हातातलं एकमेव हत्यार स्वतःहून खाली ठेवलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

देव पुसून डब्यात ठेवले, घंगाळं-समई पिशवीत भरली, तोरण काढलं, चौकट ओल्या फडक्याने पुसली. आम्ही तिघी जरा दम खात जमिनीवर बसलो होतो तेवढ्यात दारावरची बेल वाजली. बँकेचा पाहणीचा माणूस होता. तो म्हणाला, त्याचं काम खरं तर पामबीच रोडच्या पलीकडे होतं, तिथला माणूस भेटला नाही म्हणून वाटेत हे उरकून घ्यावं म्हटलं. त्याने खोल्या बघितल्या, फोटो काढले आणि इथे कोण राहतं, असं विचारलं. हिराबाय उठून उभी राहिली. "कोन नाय राहत. मी विकनारी, ही घेनारी." ओट्यावर घंगाळ्याचं एक ओलं वर्तुळ राहिलं होतं, ते तेवढं फोटोत आलं असेल. आम्ही अर्धा तास उशिरा आलो असतो, किंवा सासूबाईंनी आणखी एक दिवस शब्द धरून ठेवला असता, तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. नंतर सोडून दिला.

इतकं होऊनही मंजुरी तारखेच्या आत आली नाहीच. करार मोडायला नरेश मोकळा होता, आणि जास्त किंमत द्यायला दुसरं गिऱ्हाईकही तयार होतं. हे त्यानेच आम्हाला नंतर हसत हसत सांगितलं. त्याची आई त्याला म्हणाली होती, "ते वाट बगतान ना? मंग आपन बी बगू." तिच्या शब्दाबाहेर तो गेला नाही. ते दिवस आमच्या घरात शांत गेले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. देव कोरडे होते, काही पणाला लावलेलं नव्हतं, देवाकडे मागून झालेलं होतं. आता त्याने बघावं.

एका दुपारी मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत असताना बँकेतल्या मुलाचा फोन आला. शेवटचा 'हो' आला होता. मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. हिराबायला कळवलंस का?"

वास्तुशांतीला हिराबाय आली ती अनंताचं रोपच घेऊन. त्या गडबडीत मी तिला एक गोष्ट विचारून घेतली, माझ्या मनात ती कधीची डाचत होती. बाळकृष्णाचं तोंड खिडकीकडे तिने केलं होतं का? ती हसली. म्हणाली, हात लावला नाही म्हणून सांगितलं ना. तिने पहिल्यांदा बघितलं तेव्हाच तो तिकडे बघत होता. पाण्याच्या धारेने फिरला असेल, किंवा आम्हीच ठेवताना नीट बघितलं नसेल. एरवी मी याचा छडा लावला असता. या वेळी मी तिच्या हातात फक्त प्रसादाची वाटी दिली. बाळकृष्णाला आम्ही देवघरात तसंच, खाडीकडे तोंड करून बसवलं आहे. सकाळी पूजा करताना, हिराबायचा थोरला अजून आला नसेल, असं सहज मनात येतं, आणि त्याच्यासाठीही एक फूल जातं.

देव बसले त्या संध्याकाळी सासूबाईंनी तो स्टीलचा डबा घासला, पुसला आणि खिडकीत उन्हाच्या उरल्यासुरल्या तिरिपेत वाळत ठेवला. लाल कापड घडी करून कपाटात गेलं. मी विचारलं, डबा माळ्यावर टाकू का? त्या म्हणाल्या, "माळ्यावर कशाला? आता त्याला काय काम उरलंय?" आणि शिऱ्यासाठी आणलेला रवा त्यांनी त्यात ओतला.